चंद्रसूर्याच्या साक्षीने : रायगड जिल्ह्यातील मध्ययुगीन शिळा आणि इंग्लंडमधील चर्चच्या आवारातील क्रूस
(पेण-रोहा परिसराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

उत्तर कोकणातील गधेगाळ, वीरगळ आणि सतीशिळा यांचा विचार आजवर प्रामुख्याने शिलालेखशास्त्र आणि मूर्तिशास्त्र यांच्या अंगाने झाला आहे. शिळेवरील मजकूर आणि शिल्प यांच्याइतकीच तिची मूळ जागा हाही इतिहासाचा पुरावा आहे, ही भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे. त्यासाठी इंग्लंडमधील चर्चच्या आवारात उभ्या असलेल्या मध्ययुगीन दगडी क्रूसांशी तुलना केली असून, पेण व रोहा तालुक्यांत शिळांची गाववार नोंद होणे का आवश्यक आहे, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : गधेगाळ, वीरगळ, सतीशिळा, शिलाहार, आक्षी, क्रूस, ग्रामदैवत.

१. प्रस्तावना

कोकणातील कोणत्याही जुन्या गावाच्या वेशीवर, तळ्याच्या काठी किंवा ग्रामदैवताच्या देवळाबाहेर एखादी उभी शिळा दिसते. तिच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. खाली लढणारा पुरुष, कोपरात वाकलेला स्त्रीचा हात किंवा गाढवाची आकृती असते. ग्रामस्थ तिला देव मानतात, तिच्यावर शेंदूर चढवतात किंवा तिच्याकडे पाहण्याचे टाळतात. ही शिळा कोणी, कधी व कशासाठी उभी केली, हे सांगणारी परंपरा बहुतेक ठिकाणी लुप्त झाली आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, इंग्लंडच्या खेड्यांतही याच काळातील दगड उभे आहेत. तेथील चर्चच्या आवारातील क्रूस आणि कोकणातील शिळा यांचा परस्परांशी कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. दोन्हींमागील धर्मकल्पनाही भिन्न आहेत. तथापि अक्षरओळख मोजक्या लोकांपुरती मर्यादित असलेल्या समाजाने आपली स्मृती आणि आपला कायदा सर्वांच्या दृष्टीस पडेल अशा जागी दगडात उभा करावा, ही गरज दोन्हीकडे समान होती. पुढे दोन्हीकडील दगडांची मोडतोड झाली. त्यानंतर मात्र दोन्हीकडचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला आणि हा वेगळेपणा आपल्याला बोधप्रद आहे.

२. उद्दिष्टे व अभ्याससाधने

प्रस्तुत लेखाची तीन उद्दिष्टे आहेत : (१) रायगड जिल्ह्यातील शिळांचे प्रकार व त्यांचे सामाजिक कार्य स्पष्ट करणे, (२) इंग्लंडमधील क्रूसांच्या इतिहासाशी त्यांची तुलना करणे, (३) शिळेच्या मूळ जागेचे पुरावा म्हणून महत्त्व प्रतिपादणे. लेख प्रकाशित साधनांवर आधारलेला आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३), महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे शिलाहारांच्या लेखांवरील संपादन (१९७७) आणि एस. सेट्टर व गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेला स्मारकशिळांवरील ग्रंथ (१९८२) ही त्यांतील प्रमुख साधने होत.

३. प्रदेशाची पार्श्वभूमी

आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात होता. इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभापासून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हा प्रदेश उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या सत्तेखाली होता. आरंभी राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या या घराण्याची ठाणे, म्हणजे श्रीस्थानक, ही महत्त्वाची नगरी होती. चौल हे त्या काळी अरबी समुद्रावरील नामांकित बंदर होते. शिलाहार लेखांतील ‘पाणाड’ हा विषय म्हणजे आजचे पोयनाड, असे मानले जाते. पोयनाड पेण-अलिबाग मार्गावर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पेण परिसर शिलाहारांच्या राज्यव्यवस्थेच्या किती निकट होता याची कल्पना येते.

पेण भोगावतीच्या काठी वसले असून अंतोरा हे त्याचे जुने बंदर. रोहा कुंडलिकेच्या काठी आहे आणि ती नदी रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. रोहा तालुक्यातील नागोठणे अंबा नदीवर आहे. घाटावरून उतरणारा माल या खाड्यांतून समुद्रावर जात असे. जेथे व्यापारी वाटा, खाजण जमिनी आणि नारळी-पोफळीच्या वाड्या असतात, तेथे जमिनीची दाने, उत्पन्नाचे हक्क आणि सीमांचे तंटे हेही असतात. शिळा उभारण्याची प्रथा अशा भूमीत रुजणे स्वाभाविक होते.

४. गधेगाळ : दगडात कोरलेला कायदा

गधेगाळ ही मूलतः दानाची शिळा होय. तिच्या वरच्या भागात चंद्र-सूर्य व काही वेळा मंगलकलश, मधल्या भागात दानाचा मजकूर आणि तळाशी गाढव व स्त्री यांचे संभोगशिल्प अशी तिची सर्वसाधारण रचना आहे. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान अबाधित राहावे, हा वरच्या चिन्हांचा अर्थ. जो हे दान मोडील त्याच्या मातेची अशी विटंबना होईल, हा खालच्या शिल्पाचा अर्थ. ‘गाळ’ या पदाचा संबंध काही अभ्यासक शिवीवाचक ‘गाळी’शी जोडतात, तर काही जण ‘वीरगळ’ शब्दातील ‘गळ’प्रमाणे तो कन्नड ‘कल्लु’, म्हणजे दगड, याच्याशी जोडतात. शिळेच्या दोन्ही अंगांना या दोन व्युत्पत्ती लागू पडतात.

परळ येथील इ. स. ११८७ चा दुसऱ्या अपरादित्याचा लेख या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. या लेखातील दानाचा तपशील संस्कृतात असून शापवचन मात्र मराठीत आहे. ज्याला दान मिळाले त्याच्याकरिता व राजदरबाराकरिता संस्कृत पुरेशी होती. परंतु दान मोडण्याची शक्यता ज्यांच्याकडून होती, त्या भावी अधिकाऱ्यांना, शेजाऱ्यांना आणि गावकऱ्यांना धाक वाटायचा तर तो त्यांच्या बोलीतच सांगणे भाग होते. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यासाठी तळाचे शिल्प होते. अशा प्रकारे एकाच दगडावर संस्कृत, मराठी आणि चित्र या तीन पातळ्यांवर एकच आज्ञा तीन प्रकारच्या लोकांना ऐकवलेली दिसते.

पेणलगतच्या उरण तालुक्यात शिलाहार लेखांची मालिकाच सापडली आहे. चांजे येथे पहिल्या अपरादित्याचा इ. स. ११३८ चा लेख मिळाला. शिलाहारांचा अखेरचा राजा सोमेश्वर याचा रानवड येथील लेख इ. स. १२५९ चा व चांजे येथील इ. स. १२६० चा आहे. चांजे येथील सोमेश्वराच्या लेखात एका बागेचे उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची नोंद आहे. उरणमधील बागेचे उत्पन्न ठाण्यातील देवालयाकडे जात होते, म्हणजे मालक आणि जमीन यांच्यात खाडी होती. इतक्या दूरच्या मालकाचा हक्क स्थानिक पातळीवर टिकवायचा तर त्या जमिनीवरच साक्षीदार उभा हवा. तो साक्षीदार म्हणजे ही शिळा.

अलिबाग तालुक्यातील आक्षी येथील लेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो. त्यात ‘पश्चिमसमुद्राधिपती’ केसीदेवराय याच्या प्रधानाने महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्याची तरतूद केल्याची नोंद आहे. या लेखाच्या शकाच्या वाचनाबाबत मतभेद असून काही अभ्यासकांनी तो शके ११३२ असा वाचला आहे. या वादात लेखातील संवत्सराचे नाव निर्णायक ठरते. लेखात ‘प्रधावी’, म्हणजे परिधावी, संवत्सराचा उल्लेख आहे. साठ संवत्सरांच्या चक्राचे गणित केले असता शके ९३४ ला परिधावी येते, तर शके ११३२ ला प्रमोद येते. शिवाय केशिदेव हे अरिकेसरी या शिलाहार राजाचेही नाव होते आणि त्याचा ठाणे ताम्रपट इ. स. १०१७ चा आहे. त्यामुळे १०१२ हे वर्ष अधिक ग्राह्य ठरते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीच्या आरंभकाळातील लेख म्हणून गौरविली जाणारी ही शिळा त्याआधी दीर्घकाळ रस्त्याच्या कडेला दुर्लक्षित अवस्थेत होती, हे विसरता येणार नाही.

सत्तांतरानंतरही शिळा उभारण्याची रीत चालू राहिली. नागाव येथील शके १२८९ (इ. स. १३६७) च्या लेखात हिजरी सन आणि शक हे दोन्ही दिलेले असून ठाणे-कोकणावर राज्य करणाऱ्या हंबीररावाचे नाव आहे. कालगणनेत नवी पद्धत आली तरी जमिनीचा व्यवहार दगडावर नोंदण्याची जुनी प्रथा तशीच राहिली.

गधेगाळीचा विचार करताना आणखी एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. दान मोडणारा अपराधी पुरुष असे, शिक्षा मात्र त्याच्या घरच्या स्त्रीच्या देहावर कोरली जाई. राजाज्ञेचे पावित्र्य टिकवण्यासाठी स्त्रीची अप्रतिष्ठा तारण ठेवणारी ही व्यवस्था तत्कालीन समाजातील स्त्रीच्या स्थानाविषयी जे सांगते, ते ताम्रपटांतील प्रशस्तींत सापडत नाही. शिल्प अश्लील म्हणून दृष्टीआड करणे म्हणजे हा पुरावाच दृष्टीआड करणे होय.

५. वीरगळ आणि सतीशिळा : मृत्यूची नोंद

वीरगळावर सामान्यतः तीन किंवा चार चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचाव्या लागतात. तळाच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर किंवा त्याने ज्यांच्यासाठी प्राण दिले ती गुरे असतात. त्यावर युद्धाचे दृश्य, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर असतो. माथ्यावर पुन्हा चंद्र-सूर्य असतात. सतीशिळेवर बांगड्यांनी भरलेला, कोपरात वाकलेला व पंजा उघडा असलेला हात असतो.

समुद्रकाठच्या वीरगळांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बोरिवलीजवळील एक्सर येथे आहे. तेथील सहा वीरगळांपैकी काहींवर वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगा कोरल्या आहेत. अनेक अभ्यासकांनी या शिल्पांचा संबंध देवगिरीचा यादव राजा महादेव व सोमेश्वर शिलाहार यांच्यात इ. स. १२६५ च्या सुमारास झालेल्या नाविक युद्धाशी जोडला आहे. महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराने समुद्रातील वडवानल पत्करला, असे हेमाद्रीच्या प्रशस्तीत म्हटले आहे. प्रशस्तीत जेत्याचे काव्य आहे, तर वीरगळावर वल्ही मारणारी माणसे आहेत. राजांच्या युद्धात सामान्य माणसांचे काय झाले, हे पाहण्यासाठी दगडाकडेच वळावे लागते.

तथापि कोकणातील बहुसंख्य वीरगळांवर अक्षरे नाहीत. वीराचे नाव, त्याचे गाव, त्याचा शत्रू यांपैकी काहीही लिहिलेले नाही. ज्यांनी शिळा उभी केली त्यांना नाव लिहिण्याची आवश्यकता वाटली नाही, कारण गाव त्याला ओळखत होते आणि शिळा त्याच्या मृत्यूशी निगडित जागी उभी होती. जागा हेच त्या वीराचे नाव होते. म्हणूनच लेखविरहित वीरगळ हलवला की त्याच्याजवळचा एकमेव तपशीलही नाहीसा होतो.

६. इंग्लंडमधील क्रूस : उभारणी, मोडतोड, नोंद

इंग्लंडमधील चर्चच्या आवारातील क्रूस साधारणपणे पायऱ्यांचा चौथरा, खोबणीचा दगड, उंच खांब आणि शिरोभाग अशा रचनेचा असे. तो बहुधा चर्चच्या दक्षिणेस उभा असे. ईस्टरपूर्वीच्या झावळ्यांच्या रविवारी निघणारी मिरवणूक तेथे थांबे आणि तेथून प्रवचने व जाहीर घोषणा होत. मध्ययुगात सामान्य खेडुताच्या थडग्यावर कायमस्वरूपी दगड क्वचितच असे, म्हणून हा एकच क्रूस त्या भूमीत पुरलेल्या सर्वांसाठी उभा होता. आपला वीरगळ एका व्यक्तीच्या मृत्यूचे स्मारक आहे, तर तो क्रूस साऱ्या गावाच्या मृतांचे.

जुन्या व नव्या श्रद्धांची सरमिसळही तेथे दिसते. कम्ब्रिया परगण्यातील गॉसफर्थ येथील दहाव्या शतकातील क्रूसावर ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाबरोबर उत्तरेकडील नॉर्स पुराणकथांतील प्रसंग कोरलेले आहेत. धर्म बदलला तरी गावाची जुनी कल्पनासृष्टी दगडावर टिकून राहिली.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर हे क्रूस मूर्तिपूजेची चिन्हे ठरले. १६४३ व १६४४ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने अशा प्रतिमा व क्रूस काढून टाकण्याचे आदेश काढले. अनेक क्रूसांचे शिरोभाग फोडण्यात आले आणि उरलेल्या खांबांवर काही ठिकाणी सूर्यघड्याळे बसवली गेली. सीमेपलीकडे स्कॉटलंडमधील रुथवेल येथील आठव्या शतकातील भव्य क्रूस याच लाटेत फोडला गेला. तेथील धर्मोपदेशक हेन्री डंकन यांनी त्याचे तुकडे जुळवून १८२३ मध्ये तो पुन्हा उभा केला.

यानंतरचा टप्पा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स पूली यांनी ग्लॉस्टरशर (१८६८) व सॉमरसेट (१८७७) या परगण्यांतील क्रूसांची गाववार वर्णने प्रसिद्ध केली. आल्फ्रेड रिमर यांचा इंग्लंडमधील प्राचीन क्रूसांवरील ग्रंथ १८७५ चा. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा तेथील पहिला कायदा १८८२ मध्ये आला, म्हणजे या नोंदी कायद्याच्या आधीच्या आहेत. शिरोभाग नसलेला ठोंब, रिकामी खोबण, पायऱ्यांचा अवशेष यांचीही त्यांत दखल घेतली गेली. पहिल्या महायुद्धानंतर गावागावांत स्मारके उभारण्याची वेळ आली तेव्हा क्रूसाचे जुने रूपच पुन्हा स्वीकारले गेले. त्याच महायुद्धात गेलेल्या आपल्या सैनिकांसाठी महाराष्ट्रातील काही गावांत पाट्या बसवण्यात आल्या. गावातून किती जण गेले आणि किती जणांनी प्राण दिले, याचे आकडे त्यांवर आहेत, नावे मात्र नाहीत. वीरगळावरील निनावी वीराची परंपरा अशा रीतीने विसाव्या शतकापर्यंत पोहोचली.

७. शिळा आणि श्रद्धा

आपल्याकडे शिळांचा नाश धर्मादेशाने क्वचितच झाला. त्यांचा अर्थ हळूहळू विसरला गेला आणि दगडाचे रूपांतर दोन दिशांनी झाले. काही शिळा देव झाल्या. शेंदराच्या पुटांखाली शिल्प झाकले गेले, पण शिळा जागेवर राहिली. काही शिळा केवळ दगड ठरल्या आणि देवळाच्या पायरीत, विहिरीच्या काठाला किंवा बांधकामात गेल्या. श्रद्धेने मजकूर झाकला तरी जागा राखली, हे अभ्यासकाने कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

वीर आणि दैवत यांचे नाते या प्रदेशात आजही जिवंत आहे. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांच्या नावातच ‘वीर’ आहे आणि आश्विनातील उत्सवात त्यांच्या पालखीला पोलिसांकडून सशस्त्र मानवंदना दिली जाते. धावीराची उपासना एखाद्या विशिष्ट वीरगळातून उद्भवली, असे यातून सिद्ध होत नाही. परंतु गावाचा रक्षणकर्ता योद्ध्याच्या रूपात कल्पावा आणि राज्यसंस्थेने त्याला शस्त्रांनी अभिवादन करावे, ही मनोरचना वीरगळ समजून घेण्यास उपयुक्त आहे. सोन्थायमर यांनी महाराष्ट्रातील पशुपालकांच्या दैवतांचा अभ्यास करताना वीरपूजा आणि लोकदैवते यांच्या नात्याकडे लक्ष वेधले होते. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा व कोर्लई येथे पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती अवशेष आहेत. जे. गेर्सन दा कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल-वसईच्या पुरावशेषांवर ग्रंथ लिहिला. एकाच नदीच्या काठी ग्रामदैवत, शिळा आणि क्रूस या तिन्ही परंपरा नांदलेल्या आहेत.

८. जागा हा पुरावा

गधेगाळ ही दान दिलेल्या जमिनीवर किंवा तिच्या सीमेवर उभी असे. ती देवळाच्या आवारात आणून ठेवली की लेख वाचता येतो, पण शेत हरवते. लेख नसलेली गधेगाळ हलवली तर काहीच उरत नाही. संग्रहालयात गेलेल्या शिळा नाशापासून वाचल्या, हे खरेच. परंतु त्या ज्या वाडीची सीमा राखत होत्या, ती वाडी गावाच्या नकाशावर दाखवणे आता अवघड आहे. अनेक शिळांच्या ओळीने जुन्या वाटा, गावांच्या हद्दी आणि ओसाड पडलेल्या वस्त्या यांचा माग लागू शकतो, मात्र त्या जागेवर असतील तरच.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. मुंबई-गोवा महामार्ग पेण, नागोठणे व कोलाड या गावांवरून जातो आणि त्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून सुरू झाले. धाटावची औद्योगिक वसाहत, गावठाणांचा विस्तार आणि देवळांचे जीर्णोद्धार यांमुळे जमिनीचे रूप पालटत आहे. जीर्णोद्धारात नवी फरशी बसते आणि जुनी शिळा मागच्या भिंतीशी ढिगात जाते. यात ग्रामस्थांचा दुष्ट हेतू नसतो. तिचे मोल त्यांना कोणी सांगितलेले नसते. १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांविषयीचा अधिनियम आणि १९७२ चा केंद्राचा पुरावशेषविषयक अधिनियम अस्तित्वात आहेत, परंतु जी वस्तू कोणत्याही यादीत नाही तिचे रक्षण कायद्याला करता येत नाही.

येथे महाविद्यालयांची भूमिका सुरू होते. इतिहास, मराठी, भूगोल व भूशास्त्र या विभागांनी मिळून तालुक्यातील प्रत्येक गावासाठी एक नोंदपत्र तयार करावे. त्यात शिळेची मोजमापे, तिचे तोंड कोणत्या दिशेस आहे, अक्षांश-रेखांश, दगडाची जात, शेताचे किंवा पाणंदीचे स्थानिक नाव, गावात सांगितली जाणारी कथा आणि छायाचित्र यांचा समावेश असावा. शिळा हलवली गेली असल्यास पूर्वीची जागा वृद्धांना विचारून लिहावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत हे काम सहज होऊ शकते. मात्र ग्रामस्थांच्या अनुमतीशिवाय शेंदूर खरवडणे, अक्षरे खडूने भरणे किंवा आम्लाने दगड धुणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. ज्या दगडाला गाव देव मानते, त्याच्याजवळ विद्यार्थ्याने पाहुण्यासारखे जावे.

९. निष्कर्ष

(१) गधेगाळ ही उत्तर कोकणातील जमीनहक्कांची सार्वजनिक नोंद होती. परळच्या लेखातील संस्कृत दान व मराठी शाप यांवरून लोकव्यवहारात मराठीला असलेले स्थान स्पष्ट होते.

(२) बहुसंख्य वीरगळ निनावी असल्यामुळे त्यांची मूळ जागा हाच त्यांच्याविषयीचा प्रमुख ऐतिहासिक पुरावा आहे.

(३) इंग्लंडमध्ये क्रूस हेतुपुरस्सर फोडले गेले, तरी कायद्याच्याही आधी अभ्यासकांनी केलेल्या गाववार नोंदींमुळे भग्नावशेषही इतिहासाचा भाग राहिले. आपल्याकडे लोकश्रद्धेने शिळा राखल्या, पण नोंदीचे काम मागे राहिले.

(४) पेण व रोहा तालुक्यांतील शिळांची शिस्तबद्ध नोंद स्थानिक महाविद्यालयांनी विनाविलंब हाती घ्यावी. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक मोजपट्टी, एक वही आणि गावात जाऊन जुन्या माणसांचे ऐकून घेण्याची तयारी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. ज्यांना शेताची जुनी नावे ठाऊक आहेत ती पिढी आज हयात आहे, म्हणून हे काम आजच झाले पाहिजे.